मंचावर गीताचे शब्द समोर ठेवताना : नव्या गायक-गायिकांसाठी

भावगीत, नाट्यगीत, अभंग किंवा गझल जाहीर कार्यक्रमात गाऊ लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षभरात एक प्रश्न पडतोच, आणि तो म्हणजे समोर कागद ठेवावा की नाही. मी पुण्यात गेली चौदा वर्षे सुगम संगीताचे कार्यक्रम करते आहे. सुरुवातीला, कागद पाहून गाणे हे कच्च्या तयारीचे लक्षण आहे असे माझ्या मनावर बिंबले होते, म्हणून मी काहीही न ठेवता गात असे. तिसऱ्याच कार्यक्रमात एका भावगीताच्या दुसऱ्या अंतऱ्याच्या (कडव्याच्या) जागी माझ्या तोंडून तिसऱ्याचा पहिला शब्द गेला. दोन्ही अंतऱ्यांची चाल एकच असल्यामुळे पुढच्या ओळी आपोआप येत गेल्या आणि चूक लक्षात आली तेव्हा मागे फिरणे शक्य नव्हते. पहिल्या रांगेतल्या एक आजी आरंभापासून माझ्याबरोबर ओठांनी शब्द म्हणत होत्या. त्या ओळीशी त्यांचे ओठ थांबले, आणि गाणे संपेपर्यंत ते पुन्हा हलले नाहीत.

पुण्याच्या श्रोत्यांना ही गाणी तोंडपाठ असतात, त्यामुळे शब्दांची चूक येथे लपत नाही, आणि ती लपावी अशी अपेक्षाही आपण ठेवू नये, कारण कवीने ज्या क्रमाने कडवी लिहिली त्या क्रमातच कवितेचा अर्थ उलगडत असतो. त्या रात्रीनंतर मी कागद ठेवू लागले. परंतु कागद ठेवण्याचीही एक रीत असते, हे समजायला मला आणखी तीन-चार वर्षे लागली. तुमची ती वर्षे वाचावीत म्हणून हे लिहीत आहे.

१. कागद हवा आहे का, हे गायनप्रकार पाहून ठरवा

ख्यालाची, म्हणजे रागसंगीतातील मुख्य गायनप्रकाराची, बंदिश बहुधा चार-सहा ओळींची असते आणि तिचा विस्तार स्वर-लयीने होतो. म्हणून रागसंगीताच्या मैफलीत समोर कागद ठेवण्याची पद्धत नाही, आणि नव्या गायकाने तेथे तो ठेवू नये असेच मी सांगेन. सुगम संगीताची गोष्ट वेगळी आहे. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात एका गायकाच्या वाट्याला दहा-बारा गाणी येतात, आणि प्रत्येकाची तीन-चार कडवी धरली तरी शंभराहून अधिक ओळी होतात. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेल्या गीतरामायणात ५६ गीते आहेत आणि त्यांतील काहींची कडवी आठ-दहापर्यंत जातात. अशा कार्यक्रमात कागद ठेवणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लता मंगेशकर गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहून घेत, आणि जाहीर कार्यक्रमांतही त्यांच्याजवळ कागद असे. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा उत्तरायुष्यात टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे शब्द दाखवणारा पडदा, समोर ठेवून गात असत. थोर रशियन पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात पाठांतरावर वाजवणे सोडले. सभागृहात अंधार करून, स्वरलिपीवर एकच दिवा लावून ते वादन करीत.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अनेक गायन स्पर्धांच्या नियमांत कागद पाहून गाण्यास मनाई असते किंवा त्यासाठी गुण कापले जातात. प्रवेशपत्रासोबत मिळणारे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत.

२. शब्दांची विश्वसनीय प्रत मिळवा

बहुतेक जण इंटरनेटवरून शब्द उतरवून घेतात, आणि चुकांचा उगम तेथेच असतो. ऱ्हस्व-दीर्घ बिघडलेले असते, एखादे कडवे गळलेले असते, ऐकण्यातल्या चुकीमुळे एका शब्दाच्या जागी दुसराच जाऊन बसलेला असतो. मूळ ध्वनिमुद्रण चालू ठेवून हातातला कागद ओळीओळीने ताडून पाहावा. जेथे ऐकूनही शंका राहते तेथे कवितासंग्रह गाठावा. लक्ष्मी रस्त्यावरील पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय येथे जुन्या कवींचे संग्रह शोधण्यात एक सकाळ गेली तरी ती वाया जात नाही.

संग्रहातील कविता आणि ध्वनिमुद्रित गीत यांत फरक असू शकतो, हे येथे ध्यानात ठेवावे. कवितेत सहा कडवी असतात आणि चाल लावताना तीनच घेतलेली असतात. अभंगांच्या बाबतीत गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत पाठभेद आढळतात. कोणती कडवी आणि कोणता पाठ घ्यायचा हे तालमीच्या पहिल्याच दिवशी संवादिनीवादकाशी आणि संगीत संयोजकाशी बोलून ठरवावे, आणि एकदा ठरले की सर्वांच्या कागदावर तेच असावे.

३. कागद गाण्यासाठी लिहा

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि नवे गायक सर्वाधिक घाई येथेच करतात.

आधी संपूर्ण गीत एकदा स्वतःच्या हाताने, सावकाश लिहून काढावे. लिहिताना कोणता शब्द तुम्हाला अडतो ते बोटांना कळते. त्यानंतर मंचासाठीची प्रत टंकलिखित करावी. स्टँड उभ्या गायकापासून साधारण अडीच फुटांवर असतो. त्या अंतरावरून वाचण्यासाठी २४ ते २८ पॉइंटचे अक्षर लागते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि उकार ओळीच्या वर-खाली जातात, म्हणून दोन ओळींत दीडपट अंतर ठेवावे. या मापाने एका ए-फोर कागदावर सोळा ते अठरा ओळी बसतात, म्हणजे ध्रुवपद आणि तीन-चार ओळींची तीन कडवी एका पानावर मावतात. एक गीत एका पानावर, हा नियम शक्यतो मोडू नये. गीत मोठे असेल तर दोन कागद उघड्या पुस्तकासारखे शेजारी-शेजारी चिकटवावेत. पान उलटण्याची वेळ कडव्याच्या मध्यावर येणार असेल तर ती रचना बदलावी.

कागदाच्या माथ्यावर गीताचा क्रमांक, पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर (काळी एक, पांढरी चार, जी असेल ती), ताल आणि सुरुवात कोठून आहे हे लिहावे. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द इतर मजकुरापेक्षा ठळक आणि मोठा असावा. ओळ विसरली जाते ती बहुधा कडव्याच्या आरंभी. पहिला शब्द मिळाला की चालीच्या आधाराने उरलेली ओळ येते. ज्या दोन कडव्यांची चाल सारखी आहे, त्यांत अदलाबदल होण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून त्या दोन्हींच्या आरंभी मोठा आकडा घालावा. कोणती ओळ दोनदा घ्यायची, म्युझिकचा तुकडा (कडव्यांमध्ये वाजणारा नुसत्या वाद्यांचा भाग) किती आवर्तनांचा, म्हणजे तालाच्या किती फेऱ्यांचा, आहे, श्वास कोठे घ्यायचा, याच्या खुणा समासात कराव्यात.

या खुणा लाल शाईने करू नयेत. मंचावर लाल प्रकाश पडला की लाल अक्षरे कागदात विरून जातात. मी एका कार्यक्रमात सर्व महत्त्वाच्या खुणा लालने केल्या होत्या. विरहगीत सुरू झाले, प्रकाशयोजनाकाराने मंच लाल केला, आणि कागदावर फक्त काळा मजकूर उरला. तेव्हापासून मी काळे पेन आणि गडद पेन्सिल यांखेरीज काही वापरत नाही. त्याच कारणाने कागद लॅमिनेट करू नये आणि चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. समोरचा दिवा त्यावर परावर्तित होतो आणि अर्धे पान पांढरे दिसते. अप्पा बळवंत चौकात जाड, मॅट, किंचित पिवळसर कागद सहज मिळतो, तो उत्तम.

४. पाठांतर करा, कागद असला तरीही

कागद समोर असणार आहे म्हणून पाठांतर ढिले ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती श्रोत्यांना पहिल्या दोन ओळींत कळते. वाचून गाणाऱ्याचा स्वर सपाट होतो, शब्दांवरचा भार चुकतो आणि डोळे श्रोत्यांकडे जातच नाहीत. कागद हा नजर टाकून पुढचे कडवे उचलण्यासाठी आहे. त्यावरून ओळ अन् ओळ वाचायची वेळ येणार असेल, तर ते गीत त्या कार्यक्रमातून वगळणे योग्य.

माझी पद्धत अशी आहे. पहिले काही दिवस पूर्ण कागद पाहून गाते. पुढे पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर प्रत्येक कडव्याचे पहिले दोन शब्दच लिहिते आणि त्यावर गाते. शेवटी सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालताना काहीही हातात न घेता, चाल न लावता, नुसते शब्द म्हणते. चालीचा आधार काढून घेतला की कोणती ओळ खरोखर पाठ आहे आणि कोणती केवळ सुरावर तरंगते आहे, हे उघडे पडते. आणखी एक सराव जरूर करावा : गीत तिसऱ्या कडव्यापासून सुरू करून पाहावे. ज्याला फक्त आरंभापासूनच गाता येते, त्याला मध्ये अडल्यावर सावरता येत नाही.

५. साधन निवडा : सुटे कागद, टॅब की पडदा

नव्या गायकाने पहिली काही वर्षे कागदच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवलेल्या वहीपेक्षा सुटे कागद रिंगच्या फाइलमध्ये लावणे सोयीचे असते, कारण गीतक्रम ऐनवेळी बदलतो. उघड्या मैदानावरील कार्यक्रमात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. निवेदन लांबले तर शेवटची दोन-तीन गाणी गळतात आणि समारोपाची भैरवी अचानक पुढे येते. अशा वेळी वहीत पान शोधत बसणे मंचावर फार वाईट दिसते.

टॅबचे फायदे खरे आहेत. अक्षर मोठे करता येते, वेगळा दिवा लागत नाही, शेकडो गाणी एका जागी राहतात. परंतु टॅब वापरणाऱ्यांनी पुढील काळजी घेतलीच पाहिजे. शब्द वर्ड फाइलमध्ये न ठेवता पीडीएफ करून ठेवावेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो, आणि तो मंचावर सोडवता येत नाही. पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी. फ्लाइट मोड लावावा, नाहीतर अंतऱ्याच्या मध्यावर कोणाचा तरी फोन पडदा व्यापतो. पायाने दाबून पान उलटण्याचे ब्लूटूथ पेडल वापरत असाल तर फ्लाइट मोड लावल्यानंतर ब्लूटूथ स्वतंत्रपणे चालू करावे लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. टॅबमध्ये सर्व काही असले तरी त्या दिवसाच्या गीतांची छापील प्रत स्टँडच्या मागे असावी.

मंचाच्या कडेला जमिनीवर ठेवलेला पडदा मोठ्या कार्यक्रमांत असतो. त्यावर शब्द आपोआप सरकत जाण्याची व्यवस्था स्वीकारू नये. जिवंत कार्यक्रमात लय थोडी कमी-जास्त होते, एखादी ओळ रंगली की ती चारदा घेतली जाते, श्रोत्यांकडून वन्समोअर येतो, आणि यंत्र पुढे निघून जाते. पडदा हाताने सरकवणारी व्यक्ती गाण्याची जाणकार असावी आणि ती किमान एका तालमीला हजर असावी.

६. स्टँड, चष्मा आणि वारा

स्टँडची वरची कड छातीच्या खाली असावी आणि तो समोरून किंचित डाव्या वा उजव्या हाताला ठेवावा. अगदी समोर उंच ठेवला तर गायक आणि श्रोते यांच्यामध्ये भिंत उभी राहते. बैठकीवर बसून गायचे असेल तर पोथीसाठी वापरतात ती घडीची लाकडी ठवणी सर्वांत चांगली. ती डगमगत नाही आणि मंचावर शोभतेही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याकडे लक्ष द्यावे. वाचनाचा चष्मा हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण सव्वा फुटासाठी, केलेला असतो. अडीच फुटांवरचा स्टँड त्यातून धूसर दिसतो. चष्म्याच्या दुकानात जाताना स्टँडचे अंतर फीतेने मोजून न्यावे आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मी हे फार उशिरा केले.

बंद नाट्यगृहात वाऱ्याचा प्रश्न विंगेतल्या पंख्यापुरता असतो, उघड्या जागी तो खरा प्रश्न होतो. पुण्यात दिवाळी पहाटेचे कार्यक्रम उद्यानांत आणि मैदानांत होतात. एका वर्षी पहाटे सहाच्या सुमारास नांदीनंतरच्या पहिल्याच गीतात वाऱ्याच्या झोताने माझी फाइल चार पाने पुढे गेली. उजव्या हातात माइक होता. डाव्या हाताने पाने मागे आणताना दवाने ओलसर झालेले दोन कागद एकमेकांना चिकटले, आणि हवे ते पान त्यांच्या आत राहिले. तबलजींनी माझ्याकडे पाहिले, ठेका तसाच धरून ठेवला, संवादिनीवर म्युझिकचा तुकडा पुन्हा वाजला, आणि तेवढ्या दोन आवर्तनांत मी पान सोडवले. श्रोत्यांना काही कळले नाही. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत कपडे वाळत घालण्याचे सहा चिमटे असतात : वर दोन, खाली दोन आणि दोन जादा. पारदर्शक जाड काच किंवा अॅक्रिलिकची पट्टी कागदावर ठेवणारेही आहेत, परंतु ती चकाकते.

७. साऊंड चेकच्या वेळी प्रकाशही तपासा

साऊंड चेकला गायक आवाज तपासतात आणि निघून जातात. तुम्ही थांबावे. स्टँड त्याच्या नेमक्या जागी ठेवून खाली रंगीत चिकटपट्टीची खूण करावी, आणि प्रकाशयोजनाकाराला विनंती करून त्या संध्याकाळी वापरायचे सर्व रंग एकेकदा लावून पाहावेत. निळ्या आणि लाल प्रकाशात कागद वाचता येतो का ते तेव्हाच कळते. दोन गाण्यांमध्ये मंच पूर्ण काळोखा होणार असेल तर स्टँडला चिमट्याने लागणारा लहान दिवा लावावा. तो कागदाकडे वळलेला असावा, चेहऱ्याकडे नसावा. असे दिवे बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. चार्ज होणारा घेतला तर तो आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवावा.

८. नजर कधी टाकावी

कागदाकडे पाहण्याची वेळ म्युझिकच्या तुकड्यात असते. तुकडा सुरू होताच एकदा खाली पाहावे, पुढच्या कडव्याचा पहिला शब्द आणि शेवटची ओळ डोळ्यांत घ्यावी, आणि तुकडा संपण्यापूर्वी मान वर आणावी. गाताना पाहावेच लागले तर मान न हलवता फक्त डोळे खाली न्यावेत. मान खाली गेली की तोंड माइकपासून दूर होते आणि आवाज पडतो. हे तालमीत फोनवर चित्रित करून पाहावे. आपण किती वेळा खाली पाहतो याची कल्पना गाताना येत नाही.

९. तरीही ओळ गेली तर

थांबू नये, क्षमा मागू नये, आणि साथीदाराकडे रोखून पाहू नये. चाल आकारात, म्हणजे शब्दांऐवजी नुसत्या 'आ'वर, पुढे न्यावी किंवा आधीची ओळ पुन्हा घ्यावी. तेवढ्यात शब्द आला नाही तर ध्रुवपदावर परत यावे, ते कधीही चूक ठरत नाही. साथीदारांशी एक खूण आधीच ठरवून ठेवावी. आमच्या संचात डावा तळहात उघडा दाखवला की म्युझिकचा तुकडा पुन्हा वाजतो. संवादिनीवादकाला बहुधा शब्द पाठ असतात, आणि तो हलक्या आवाजात पहिला शब्द पुरवतो. तो ऐकू यावा म्हणून त्याच्यापासून फार दूर उभे राहू नये.

१०. सोबत न्यायची कागदपत्रे आणि सामान

• गीतक्रमाच्या चार प्रती : स्वतःसाठी, निवेदकासाठी, संवादिनीवादकासाठी आणि ध्वनी-प्रकाश कक्षासाठी. प्रत्येक गीतापुढे कवी आणि संगीतकार यांची नावे.
• गीतांच्या कागदांची फाइल, आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या पिशवीत.
• स्पर्धा असल्यास नियमपत्रक आणि प्रवेशपत्र.
• घडीचा स्टँड किंवा ठवणी, चिमटे, चिकटपट्टी, काळे पेन, पेन्सिल.
• चिमट्याचा दिवा, स्टँडच्या अंतराचा चष्मा, आणि तो पुसण्याचे फडके. पहाटेच्या थंडीत त्यावर वाफ धरते.

कार्यक्रम संपल्यावर फाइल तशीच कपाटात ठेवू नये. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवण ताजी असताना, प्रत्येक गीताच्या कागदावर जेथे जेथे डोळे खाली गेले तेथे पेन्सिलने बारीक टिंब द्यावे. माझ्या एका जुन्या कागदावर तिसऱ्या कडव्याशी अशी नऊ टिंबे आहेत, नऊ कार्यक्रमांची. ते कडवे मी आता पुन्हा हाताने लिहून काढते आहे.